मोबाईलमधला उंट

जेवणाच्या सुट्टीत अजिनाथनं डबा उघडायच्या आधी मोबाईल उघडला, आणि त्याची भूक तिथंच मेली. उंट आजही आला होता.

गच्चीवरच्या सोलरमधून दिवसभरात किती वीज निघते, ते मोबाईलमधलं ॲप एक रेघ काढून दाखवायचं. सकाळी रेघ जमिनीवरून उठायची, बाराच्या पुढं माथ्यावर जायची आणि दिवस कलला की हळूच उतरायची. पॅनल बसवणाऱ्या सत्यमनं तेव्हाच सांगितलं होतं, "सर, रेघ कशी आपल्या हितल्या साताऱ्याच्या डोंगरावानी दिसली पायजे." सुरुवातीला डोंगरच दिसला. मग एक दिवस नेमकी माथ्यावर खोक पडली. बाराला रेघ खाली बसायची, तिनाला परत उठायची. डोंगराचा उंट झाला. दोन वशिंडं आणि मधे खळगी. ती खळगीही दिवसेंदिवस खोल चालली होती.

"आला का?" शेजारी बसलेल्या सांडूनं विचारलं. वाळूजच्या त्या कंपनीत दोघं स्टोअर सांभाळायचे. सांडू सिल्लोडकडचा, बोलायला मोकळा.

"आला."

"मग आता पाळूनच टाक. दुष्काळात उंट बरा. पाणी लागत नाय त्याला."

अजिनाथ हसला नाही. त्याचं दुखणं सांडूला ठाऊक नव्हतं.

ती पॅनलं मेंढरांची होती. म्हणजे अजिनाथची आई बानाबाई हिनं आपला शेवटचा कळप विकून आलेल्या पैशांत ती बसवली होती. बिडकीनकडं जिथं तिची मेंढरं जन्मभर चरली, तिथं आता कारखान्यांसाठी तारेचं कुंपण, रुंद रस्ते आणि दिव्यांचे खांब. उरलेल्या माळावर पावसानं पाठ फिरवलेली. चारा नाही, पाणी नाही. त्या उन्हाळ्यात बानाबाई कळपाच्या मधोमध बसून राहिली होती, आणि अजिनाथ तिला म्हणाला होता, "माय, मेंढरं दे आन् सोलर घे. ह्यांना चारा नको, पाणी नको, राखण नको. रोजच्या रोज दूध देतील." बानाबाईनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं, मग एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू म्हणतोस तर व्हय."

म्हातारी काठी, घोंगडी आणि कळपाच्या घंटा घेऊन शहराच्या कडेला सातारा परिसरातल्या लेकाच्या घरी राहायला आली. आता पॅनलांनी दूध चोरलं, तर 'तू म्हणतोस तर' या तीन शब्दांचं काय करायचं, हे अजिनाथला सुचत नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला की बानाबाई ओट्यावरून विचारायची, "आज किती दिलं रं?"

"लई दिलं माय."

"पोटभर?"

"पोटभर."

बानाबाई मान डोलवायची आणि त्याच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहायची.

अजिनाथनं सत्यमला फोन लावला. सत्यम दुसऱ्याच दिवशी अकराला हजर झाला. अजिनाथ कामावर, त्याची बायको शालू बीड बायपासच्या दुकानात. घरी एकटी बानाबाई. सत्यमनं वायरी तपासल्या, पेटी उघडून बघितली, पॅनलावर टिचक्या मारल्या. बानाबाई जिन्यात उभी राहून सगळं बघत होती. उतरल्यावर तिनं त्याला भाकरी, ठेचा आणि ताक दिल्याशिवाय सोडलं नाही, आणि दुपार कलून तो जाईपर्यंत पोराची दृष्ट काढावी तशी पॅनलांकडं बघत बसली. त्या दिवशी ॲपवर डोंगर आला. अखंड, देखणा.

"सर, काय बी बिघाड नाय," सत्यम फोनवर म्हणाला. "आजी लई चांगल्या हायेत."

"आजीचं नाय, पॅनलांचं विचारतोय मी."

"ते बी चांगले हायेत."

दुसऱ्या दिवशी उंट परत आला. अजिनाथ चक्रावला. दुखणं डॉक्टर बघून पळतं, हे त्यानं दवाखान्यात बघितलं होतं, गच्चीवर नव्हतं.

मग त्यानं धुळीवर संशय घेतला. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. ज्या दिशेला बघावं तिकडं खड्डा नाहीतर विटांचा ढीग. रविवारी पहाटे त्यानं टाकीतलं पाणी बादल्यांनी वर नेलं आणि पॅनलं आंघोळ घातल्यासारखी धुतली. त्या दिवशी डोंगर आला. पण त्याच सकाळी शालूनं नळ सोडला, तर त्यातून नुसता सुस्कारा निघाला.

"अहो, टँकर गुरुवारी येणार," ती म्हणाली. "तोवर स्वैपाक काय उजेडात करू?"

"घोटभर पाणी गेलं असंल."

"घोटभर? हत्तीचा घोट का?" आणि जाता जाता तिनं आणखी एक तक्रार केली, "आन् घरातल्या चादरींना काय झालंय? रोज संध्याकाळी घडी उचलावी, तर तव्यावरून काढल्यावानी गरम."

"उन्हाळा हाय," अजिनाथ म्हणाला. डोक्यात उंट असल्यावर चादरीकडं कोण बघतो.

सोमवारी उंट. मंगळवारी उंट. मग अजिनाथच्या एक गोष्ट ध्यानात आली: उंट रविवारी कधीच येत नाही. आणि रविवारी सुट्टी कुणाला? शेजारच्या बन्सीभाऊच्या बांधकामाला. बन्सीभाऊ घरावर दुसरा मजला चढवत होता. बांबू उभे, ताडपत्र्या लोंबत असलेल्या. सावली.

अजिनाथ त्याच संध्याकाळी भिंतीपाशी गेला. "बन्सीभाऊ, तुमच्या मजल्यानं माझं ऊन खाल्लं."

बन्सीभाऊ पैठणकडचा, जमीनजुमल्याचा माणूस. शहरात येऊनही बोलणं वावरातल्यासारखं मोठ्यांदा. "कवा खाल्लं?"

"भर दुपारी. बाराला."

"बाराला? अजिनाथराव, बाराला ऊन डोक्यावर असतं. माझी सावली माझ्या पायाखालून भाईर निघंना, ती तुझ्या गच्चीवर कशी उडी मारंल?"

अजिनाथ आवाज चढवून म्हणाला, "मग रविवारी ती कामून नसती?"

"ते तुझ्या मोबाईलला विचार." बन्सीभाऊ दुखावला होता. तो एरवी 'अजिनाथ' म्हणायचा. 'राव' लागलं म्हणजे प्रकरण बिघडलं. आणि खरंच बिघडलं. दोघं मिळून एक टँकर मागवायचे, अर्धा तुझा अर्धा माझा. गुरुवारी टँकर आला, बन्सीभाऊच्या हौदात रिकामा झाला, आणि अजिनाथच्या टाकीकडं येणारा पाइप भिंतीवर गुंडाळून ठेवलेला शालूनं बघितला.

"झालं," ती म्हणाली. "वीज मिळवायला गेलात, पाणी घालवून आलात."

बानाबाईनं आतून विचारलं, "आज किती दिलं रं?"

"लई दिलं," अजिनाथ आत न जाता बाहेरूनच म्हणाला.

त्या रात्री बानाबाईनं कपाटातली जुनी सोलापुरी चादरही खाली काढून ठेवली.

शुक्रवारी सकाळी कामाला निघताना बन्सीभाऊनं त्याला फाटकापाशी गाठलं. रागावलेला माणूस गप्प बसतो. अपमान झालेला माणूस पुरावा देतो. "आज अर्धी रजा टाक," तो म्हणाला. "दुपारी माझ्या स्लॅबवर ये. दोघं बसून बघू सावली कुणाची पडती ती. माझी निघाली तर मजला पाडतो."

साडेअकराला दोघं बन्सीभाऊच्या अर्धवट मजल्यावर विटांच्या थप्पीआड उकिडवे बसले. समोर खाली अजिनाथची गच्ची. ठेंगण्या लोखंडी मांडणीवर सहा काळीनिळी पॅनलं उन्हाकडं तोंड करून पसरलेली. रेघ चढत होती. अजिनाथ मोबाईल बघत होता, बन्सीभाऊ आभाळ. ताडपत्रीची सावली ताडपत्रीखालीच होती.

"बघ," बन्सीभाऊ कुजबुजला. "आपल्या जागी बसलीय बिचारी."

बाराच्या सुमाराला अजिनाथच्या गच्चीचं दार करकरलं.

आधी एक चादरींचा ढीग बाहेर आला. ढिगाखाली बानाबाई होती. तिनं ढीग खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्या पॅनलापाशी गेली. त्याच्या पाठीखाली हात घालून बघितलं, जसा आजारी कोकराच्या पोटाखाली घालावा. चटका बसला तसा हात मागं घेतला, जीभ टाळूला लावून 'च्च च्च' केलं, आणि खांद्यावरची घोंगडी अलगद त्याच्या अंगावर पसरली. मग दुसऱ्यावर गेलेल्या नवऱ्याची घोंगडी. तिसऱ्यावर चादर, चौथ्यावर शालूचं जुनं लुगडं, पाचव्यावर सोलापुरी. वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर कळपाच्या घंटा बांधल्या. मग ती पॅनलांच्या बुडाशी, त्यांच्याच सावलीच्या पट्ट्यात बसली आणि गुणगुणू लागली.

माळाच्या गं माथ्यावरी, ऊन उभं काठी टेकून,
बस माझे काळे बाई, घटकाभर डोळे झाकून.

अजिनाथच्या हातातल्या मोबाईलवर रेघ मान टाकून खाली बसली.

बन्सीभाऊनं विटांच्या थप्पीवरून मान वर काढली. मग म्हणाला, "सावली तुझ्याच घरची निघाली बाबा." पण बोलताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

अजिनाथ उतरला, आपल्या जिन्यानं वर गेला. लेकाला अवेळी दारात बघून बानाबाई दचकली आणि जवळची घोंगडी उगाच सारखी करू लागली.

"माय, हे काय?"

"इसावा." मग त्याच्या तोंडाकडं बघून, समजावणीच्या सुरात, "ते पोरगं बसवताना बोललं नव्हतं का, लई तापलं की कमी देतं म्हणून? म्या ऐकलं. ते काय येगळं हाय? मेंढरू तापलं की दूध आटतं. भर दुपारी कळप सावलीला बसवावा लागतो. हितं तर लिंब नाय, बाभूळ नाय. उभ्या उन्हात दिवसभर. बघवंना मला."

"मग रविवारी?"

"रविवारी तू घरी असतोस. हसला असतास."

सत्यम खरंच तसं म्हणाला होता. पॅनल फार तापलं की वीज थोडी कमी निघते. थोडी. अजिनाथनं डोळे मिटले, राग यायची वाट बघितली. तो काही आला नाही. मग तो आईशेजारी बसला.

"माय, ऊन म्हंजे ह्यांचा चारा हाय. बाराला ह्यांची खरी चराई. तवाच पोट भरतं."

बानाबाईचा हात घोंगडीवर थांबला. ज्या बाईनं जन्मभरात एकही जनावर उपाशी बांधलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून सगळा उन्हाळा सरकून गेला. "म्हंजे भर चराईला मी तोंडाला मुसकं बांधलं?"

ती उठली आणि भराभर घंटा सोडू लागली. चादरी, लुगडं, घोंगड्या. एकेका पॅनलावरून माफी मागितल्यासारखा हात फिरवत. शेवटच्या घंटेशी मात्र तिची बोटं थबकली. तिनं मान वळवली.

"मग तू रोज लई दिलं, पोटभर दिलं म्हणायचास ते?"

आता उगाच घोंगडीची घडी घालायची पाळी अजिनाथची होती.

"तुझं तोंड येगळंच सांगायचं," बानाबाई म्हणाली. "तुझा बाप बी असाच. मेंढरू लांडग्यानं नेलं की घरी येऊन म्हणायचा, समदी हायेत. मला कळत व्हतं ह्यांचं दूध आटलंय. म्हणून तर एकेक पांघरूण वाढवत गेले."

भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "काकू," बन्सीभाऊ मोठ्यांदा म्हणाला, "त्याला म्हणावं टाकीचं झाकण उघड. पाइप टाकतो."

रविवारी बानाबाईनं शिळ्या पाण्यात फडकं भिजवून सकाळीच पॅनलं पुसली. दुपारी मोबाईलवर डोंगर उभा राहिला. इतका नीट की त्यावर देऊळ बांधावं. अजिनाथ गच्चीच्या दारात उन्हात उभा राहून तो बघत होता. मिनिटाला बघत होता. ढगाचं बोट तरी लागलं का, रेघ थरथरली का. कपाळावरून घाम मोबाईलवर पडत होता, तो पुसून पुन्हा बघत होता.

बानाबाई पॅनलांच्या सावलीत बसली होती. "हिकडं ये."

तो आला. तिनं आधी मोबाईलला उलटा हात लावला, मग त्याच्या कपाळाला. दोन्ही सारखेच भाजत होते. जीभ टाळूला लावून तिनं 'च्च च्च' केलं.

"मेंढरांना ऊन मानवतं म्हणतोस. मग हे कोण तापलंय?" तिनं मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला, जमिनीवर निजवला आणि त्यावर घोंगडी टाकली. "ऊन उतरलं की बघ."

"माय, जरा एकदाच..."

"नीज. लई तापलं की कमी देतं."

अजिनाथ कलंडला. डोक्यावर सहा पॅनलं मुकाट्यानं ऊन चरत होती. त्यांच्याखाली गारसर वाटत होतं. "जन्मभर कळपासाठी सावली हुडकत फिरले," बानाबाई कुणाला तरी सांगत होती, बहुधा पॅनलांनाच. "राखणाऱ्याला सावली देणारी मेंढरं पयल्यांदाच बघितली."

घोंगडीखाली मोबाईल एकदा थरथरला, आणि अंग चोरून बसलेल्या कोकरासारखा गप्प झाला. तो कशासाठी थरथरला, हे बघायला अजिनाथ जागा नव्हता.