नानांची मरून गाडी

आमच्या चिखलीत नाना भेटले की रामराम नंतर. आधी प्रश्न, "व्हय रं, कुठं डाग दिसतोय का?"

डाग गाडीवर शोधायचा असतो, आणि तो कधीच नसतो. भोसरीच्या वर्कशॉपात उभं आयुष्य लेथवर काढलेल्या या माणसानं वडिलांनी हौसेनं घेतलेली मरून रंगाची विलायती गाडी नटबोल्टासकट नव्यासारखी केली. जे पार्ट मिळाले नाहीत ते स्वतः घडवले. मी शेजारी, म्हणून माझ्याकडे कान कोरायच्या काड्यांनी जाळीतली धूळ काढायचं काम. वर ऐकायचं, "कान न्हाई तो, हळू!"

यंदा जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर आणायचाच, या ध्यासापायी नानांनी स्वतःची झोप सोडली आणि माझीही घालवली. कुणाच्या घरात फोडणी चरचरली तरी अंगणातून हाक यायची, "गाडी झाका, राव! तेलाची वाफ बसंल!"

स्पर्धेच्या सकाळी नानांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, कौतुकानं बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नाना पांढरेफटक. "अगं, आज दसरा हाय का?" मग आम्ही तिघं देवाची माफी मागत मऊ फडक्यानं कुंकू पुसत बसलो.

मैदानावर परीक्षक आले. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू. हॉर्न, वायपर, घड्याळ, सगळं चोख. नानांचा शर्ट घामानं चिंब. मग परीक्षकांनी मागचं दार उघडलं. डावीकडची सीट फाटकी, खोलगट, जुनाट.

"एवढं सगळं केलंत आणि हे ठेवलंत? हे बदललं असतं तर पहिला नंबर तुमचाच होता."

"राहू द्या, साहेब," नाना पुटपुटले.

कप दुसऱ्यालाच गेला. मला असा संताप आला! त्या सीटसाठी आणलेलं नवं रेक्झिन महिनाभर घरात पडून होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. परतीच्या वाटेवर मी नानांना वाट्टेल ते बोललो. ते खड्डे चुकवत गाडी चालवत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी आईला हाताला धरून बाहेर आणलं. आजी नव्वदीच्या. दोन वर्षं झाली, पोटच्या पोराला ओळखत नाहीत, 'पाव्हणं' म्हणतात. नानांनी त्यांना अलगद त्या फाटक्या जागेवर बसवलं; गाडी घेतल्यापासून ती त्यांचीच जागा. आजींनी रेक्झिनच्या चिरेवरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा, सावकाश. मग मान वर केली.

"नाना, जेवलास का रं?"

"व्हय आई, जेवलो," नाना म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.