मोघेकाकांचा फ्रान्स

आमचे मोघेकाका आमच्या रिकार्टन भागातल्या इंडियन दुकानात मेथीची जुडी घेतानासुद्धा 'बाँजूर' म्हणतात. दुकानदार सुरतचा. तो 'केम छो काका' म्हणतो, काका 'त्रे बियाँ', म्हणजे 'उत्तम', म्हणतात आणि दोघंही खूश असतात.

वय एकाहत्तर. भूकंपानंतर न्यूझीलंडमधलं ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला जे इंजिनिअर आले, त्यांत हे पुण्याहून आले आणि इथलेच झाले. मी नर्स, त्यांच्या शेजारी राहते. निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली आणि फ्रेंच शिकायला घेतलं, दोन्ही एकाच आठवड्यात. आता व्हॅनमधल्या प्रत्येक वस्तूवर फ्रेंच नावाची चिठ्ठी आहे. फ्रिजवर, उशीवर, कुकरवर, आणि कुकरच्या शिट्टीवर वेगळी. "माझं कपाळ तेवढं राहिलंय," काकू म्हणतात. काकू हॉस्पिटलात फार्मसिस्ट होत्या, त्यांना लेबलांचं कौतुक नाही.

या सगळ्याचं कारण चार वर्षांचं आहे. मुलगा अमेय फ्रान्समध्ये लियाँला असतो, बायको तिथलीच, आणि त्यांची लीला फक्त फ्रेंच बोलते. आमच्याकडची मुलं निदान मराठी समजून घेऊन इंग्रजीत उत्तर देतात, काकांना तेवढीही सोय नाही. लीला तान्ही असताना ते एकदाच जाऊन आले. त्यानंतर अमेय दर वर्षी बोलावतो आणि काका दर वर्षी म्हणतात, "आधी भाषा येऊ दे. नातीसमोर मुक्यासारखा बसायला येऊ का?" शेवटी काकू एकट्या गेल्या आणि खाणाखुणांवर पंधरा दिवस मजेत काढून आल्या.

जानेवारीत एका सकाळी काका कुंपणावरून ओरडले, "मृणाल, रजा टाक! अकारोआला जातोय आपण, तीन दिवस. माझ्या फ्रेंचची ट्रायल!"

अकारोआ म्हणजे दीड तासावरचं समुद्राकाठचं चिमुकलं गाव. पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोक तिथे येऊन राहिले. रस्त्यांना अजून 'रू' म्हणतात आणि जिकडेतिकडे फ्रेंच झेंडे लावलेले असतात.

"पण काका, तिथे सगळे इंग्रजीच बोलतात. तुम्ही तीनदा जाऊन आलात ना?"

"अगं, तेव्हा मला कुठे येत होतं? माझा चेहरा बघून बोलत असतील इंग्रजी. आता बघच!"

'आता बघच' हे त्यांचं पालुपद. पूल बांधतानाही म्हणत असणार. त्यांच्या पुलावरून मी जरा जपूनच गाडी नेते.

आम्ही तिघं निघालो. दीड तासाच्या रस्त्याला साडेचार तास लावले, कारण काकांच्या मते सुट्टीत घाई करणं हा अडाणीपणा. वाटेत लिटल रिव्हर गावात कॉफी झाली. घाटात मागच्या प्रत्येक गाडीला थांबून वाट दिली. घाटमाथ्यावर तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना खाली निळंशार बंदर दिसलं, आणि काका जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच बाकावर चढून ओरडले, "फ्रान्स!" दोन सायकलवाले दचकले. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

गावात शिरल्या शिरल्या काका बेकरीत घुसले. "बाँजूर, मादमोआझेल!"

"किया ओरा!" पोरगीने हसून माओरीत नमस्कार केला. "ॲपल-पाय गरम करून देऊ?"

काकांनी तिला सावकाश विचारलं, फ्रेंच येतं का? "नाह, सॉरी! हीप्स, ढिगाने लोक विचारतात," ती म्हणाली. धक्क्यावर मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्याला काकांनी हवेबद्दल सबंध दोन वाक्यं ऐकवली. तो म्हणाला, "स्वीट ॲज, मेट," म्हणजे 'मस्त, दोस्ता'. शेवटी कुंपण रंगवणाऱ्या एका गृहस्थांचं आडनाव फ्रेंच निघालं! काकांनी त्यांचा हात रंगासकट धरला. पणजोबांचे पणजोबा पहिल्या जहाजातून आले, असं ते अभिमानाने सांगत होते. भाषा? "'वी' येतं, म्हणजे 'हो'," ते म्हणाले. "तेवढंच."

व्हॅनपाशी आल्यावर काका म्हणाले, "पाट्या राहिल्या गं. बोलणं गेलं." मला एकदम त्यांची दया आली.

पण संध्याकाळी आठला गडी पुन्हा तयार! इकडे उन्हाळ्यातला लख्ख उजेड, लियाँला थंडीतली रविवारची सकाळ. काकांनी व्हॅन, झेंडा आणि फ्रेंच पाटी मागे दिसेल अशा बेताने खुर्ची मांडली, वही मांडीवर घेतली आणि फोन लावला. वाक्य आठवडाभर घोकलेलं, अर्थ आम्हालाही पाठ: 'आजोबा फ्रेंच गावात आलाय, चाकांचं घर घेऊन!'

लीलाचे डोळे मोठे झाले. तिने पाटीकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं, किंचाळली आणि स्क्रीनवरून नाहीशी झाली.

"कळलं! तिला कळलं!" काकांनी मला जोरात टाळी दिली.

थोड्या वेळाने अमेयचा चेहरा आला. "बाबा, काय सांगितलंत तिला? दार उघडून बूट घालून उभी आहे. आजोबा आले म्हणते."

काका मोठ्याने हसले, आणि मधेच थांबले.

"कोट घातलाय का तिने?"

"नाही. पायजम्यावरच आहे. हटत नाहीये. काय सांगू तिला?"

काकांनी वही चाळली. हवा छान आहे, मला भूक लागली आहे, तुझ्या बाहुलीचं नाव काय, सगळं होतं. ती मिटून त्यांनी बाजूला ठेवली.

"सांग, आजोबा तिकीट काढतोय. पुढच्या महिन्यात येतोय. आणि तिला आत घे रे, गारठेल पोर."

फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला, पण घातला नाही.

"ती वाट बघते गं माझी," ते काकूंना म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."

"तिकडून आल्यापासून हेच सांगतेय," काकू म्हणाल्या. "मराठीत सांगितलं, तेवढं चुकलं माझं."