मामांचा रोलर कॅमशाफ्ट

परंदवडीला आमच्या अंगणात पाहुण्याची गाडी आली की नामदेवमामा त्याला इंजिन बंद करू देत नाहीत. आधी बॉनेटला कान लावतात आणि मग विचारतात, "टॅपेट सपाट का चाकाचा?" नमस्कार त्यानंतर.

मामा आईचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. कारखान्यात आयुष्यभर कॅमशाफ्ट घासून आकाराला आणायचं ग्राइंडिंगचं काम केलं आणि निवृत्त होऊन आमच्याकडे राहिले. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला फिरता दांडा; त्यावरचे उंचवटे टॅपेटला ढकलतात आणि झडपा उघडतात. मी घरातला पहिला पदवीधर, पण कलाशाखेचा. एवढं कळतं ते मामांमुळे. कॉलेजला जाताना घोरावाडी स्टेशनपर्यंत तेच सायकलवर सोडायचे आणि वाटेत हाच विषय असायचा. लोकल आली की मी सुटायचो.

"दुसरी मोठी लढाई संपली आन् अमेरिकेतली पोरं कोरड्या तळ्यात गाड्या पळवाया लागली," मामा सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, ते तळं सोमाटण्याच्या अलीकडेच आहे. "झडप झटक्यात उघडायची तर उंचवटा उभा पायजे. उभ्यावर सपाट टॅपेट चालत न्हाई, त्याची कड रुतती. मंग त्येच्या पायाला चाक बसवलं, त्योच रोलर. इमानाच्या इंजनात त्ये आदीपास्नं हुतंच. शर्यतवाल्यांनी गाडीत आणलं. साध्या गाडीला मिळाया लय वर्सं गेली."

इथवर येईतो घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवलेलं असतं. बसून राहते ती फक्त माझी धाकटी बहीण सुनंदा.

गेल्या वर्षी तिला पाहायला आलेल्या मुलाला मामांनी पोहे गार होईपर्यंत झडपांच्या स्प्रिंगांबद्दल विचारलं. तो बँकेत होता. "तुमच्याकडे वातावरण फार टेक्निकल आहे," असा निरोप आला.

यंदाचा मुलगा मात्र सुनंदाला मनापासून आवडला होता. लग्न झालं की ती नाशिकला जाणार होती. आईनं मामांना बजावलं, "दादा, त्या दांड्याचं नाव काढू नगंस. पोरीचं जमतंय."

"मी काय येडा हाय व्हय?" मामा म्हणाले आणि गोठ्यात जाऊन बसले.

बैठक चांगली झाली. पसंती कळवून मुलगा निघाला, तर मामा त्याच्या गाडीपाशी उभे. हात पाठीमागे धरलेले. आई लगबगीनं पुढे झाली.

मुलगाच म्हणाला, "मामा, सुनंदा सांगत होती, तुम्हाला रोलर कॅमशाफ्टचं खूप माहीत आहे म्हणे."

मामांनी आईकडे पाहिलं, मग सुनंदाकडे.

"मला कुटलं? तिलाच समदं येतं. कदी सांगाया लागली, तर जरा बसून ऐका तिचं."