ट्रायल रूममधले सासरे

दुकान बंद व्हायला तासभर उरला होता, महिना संपायलाही तेवढाच, आणि सेल्समनचं टार्गेट एका सुटावर अडलं होतं. सूट खपला तर कमिशन हातात आणि काउंटरवरची जागा शाबूत. नाही खपला तर उद्यापासून तळघरातल्या गोदामात, नुसत्या पगारावर, खोक्यांच्या सहवासात. खोक्यांना 'हा रंग तुम्हाला खुलतो' म्हटलं तरी ती खूश होत नाहीत.

अशा वेळी काचेचं दार ढकलून त्याच्या सासूबाई आत आल्या. मागोमाग सासरे.

सेल्समन पुतळ्याच्या आड झाला. दुकानाचा नियम होता : नातेवाइकांना केलेली विक्री धरली जाणार नाही, आणि लपवून केली तर अख्ख्या महिन्याचं कमिशन जप्त. नियम मालकांनी केला होता. तो मोडणाऱ्यांवर नजर ठेवायचं काम शेजारच्या काउंटरवरचा सेल्समन हौसेनं करायचा. त्याची मान कपड्यांच्या रांगांवरून सहज पलीकडे पोचत असल्यामुळे त्याला सगळे जिराफ म्हणत.

सासरे दाराशी पायपुसण्यावर बूट घासत होते, तेवढ्यात सासूबाईंनी पुतळा गाठला.

"लेकीनं सांगितलं सगळं," त्या कुजबुजल्या. "निवृत्तीच्या समारंभाला यांना सूट हवाच आहे. म्हटलं, घरच्याच दुकानात घेऊ."

"आई, अहो, बाबांना माहीत आहे का, मी इथं आहे ते?"

"छे! यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ओळख तेवढी दाखवू नका." मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "अहो सेल्समन! सूट दाखवा! आणि आमचं कुण्णी कुण्णी या दुकानात नाही हं!"

पलीकडे जिराफाची मान वर आली.

सासूबाईंनी दिसेल तो सूट उचलून नवऱ्याला ट्रायल रूममध्ये कोंबलं. जावई कुठल्या दुकानात आहे हे सासऱ्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते विचारायचा त्यांना संकोच वाटे. सेल्समन दाराबाहेर उभा राहिला आणि दारावरून एकेक नग आत टाकू लागला.

"सैल होतोय हा!" आतून आवाज आला.

"दुसरा देतो, साहेब," सेल्समन नाक दाबून म्हणाला.

"या मुलाला डॉक्टरकडे पाठवा कुणीतरी."

एवढ्यात जिराफ दाराशी येऊन ठेपला. "काका, मी मदत करू का?" त्यानं गोड आवाजात विचारलं.

"नको. कापडातलं आम्हालाही कळतं. माझा जावई याच धंद्यात आहे."

सेल्समनच्या हातातली पॅंट खाली पडली. सासूबाई एका टायकडे अत्यंत मन लावून बघू लागल्या.

"असं? कुठं असतात जावई?"

आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मोठ्या शोरूमचा मॅनेजर आहे. त्याला विचारल्याशिवाय तिथं हॅंगरसुद्धा हलत नाही."

सेल्समननं श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत 'मॅनेजर' हा शब्द ऐकून खुद्द मालक केबिनमधून बाहेर आले. "बाहेर या ना, साहेब! मोठ्या आरशात बघा!"

कडी वाजली. पळायला वाट नव्हती. सेल्समननं चार टाचण्या तोंडात धरल्या आणि पॅंटची लांबी बघायच्या निमित्तानं सासऱ्यांच्या पायांशी लोळणच घेतली. आपल्या लग्नातसुद्धा तो इतका वाकला नव्हता.

"अरे, वर बघून विचार ना साहेबांना, लांबी बरोबर आहे का," मालक म्हणाले.

सेल्समननं मान वर केली. सासऱ्यांनी खाली पाहिलं. नजरानजर झाली. सासऱ्यांचं तोंड उघडलं. जिराफ पुढे झुकला. सासूबाईंनी डोळे मिटले.

सासऱ्यांनी एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा आरशातल्या स्वतःकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"मुलगा नवीन दिसतोय," ते म्हणाले. "पण कामाला बरा आहे. पॅक करा."

बिल झालं, टार्गेट झालं, गोदाम टळलं. जिराफ मान आखडती घेऊन आपल्या काउंटरवर गेला. सेल्समनला खरं तर हर्ष व्हायला हवा होता. फुटला फक्त घाम.

"साहेब, एक विनंती," मालक सासऱ्यांना दारापर्यंत सोडताना म्हणाले. "मला मॅनेजर हवाय. तुमच्या जावयांना पाठवा. म्हणतील तो पगार देतो."

सेल्समन तोंडात टाचण्या तशाच धरून उभा होता. एक गिळता गिळता राहिली.

"छे छे," सासरे घाईघाईनं म्हणाले. "तो नाही यायचा."

"अहो, विचारून तर बघा!"

"विचारायचं काय त्यात?" सासऱ्यांनी सेल्समनच्या हातातून पिशवी घेतली. "मी त्याला चांगला ओळखतो."