गब्दूची करंगळी

रविवारी सकाळी बोटकाप्यांची लेक दात घासून बाहेर आली आणि ओला हात पुढे करून म्हणाली, "बाबा, मला ही करंगळी नको."

बोटकापे चहा पीत होते. "का गं? दुखते का?"

"जास्तीची आहे."

"जास्तीची कशी? सगळ्यांनाच असते की."

"गब्दूला नाहीये," लेक म्हणाली आणि विषय संपला. जे गब्दूला नाही ते आपल्याला असावे, असे पाच वर्षांच्या कुठल्याही मुलाला त्या दिवसांत वाटत नव्हते.

गब्दू म्हणजे टीव्हीवरचे अस्वल. निळे, गुटगुटीत, गुडघ्याला गुडघा चिकटवून या पायावरून त्या पायावर सतत नाचणारे. सकाळी आठला ते नाचे, दुपारी चारला नाचे आणि संध्याकाळी सहाला सकाळचेच पुन्हा नाचे. मुले त्याच्यापायी जेवायची, त्याच्यापायी जेवायची नाहीत, आणि आयांना दोन्ही वेळा सारखाच त्रास व्हायचा. या अस्वलाच्या प्रत्येक हाताला चार बोटे होती, कारण पाचवे बोट बोटकाप्यांनी उडवले होते.

बोटकापे हे काही त्यांचे खरे आडनाव नव्हे. कार्टून बनवणाऱ्या एका स्टुडिओत ते चित्रकार होते. सहा वर्षांपूर्वी हा स्टुडिओ म्हणजे एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरची एक खोली होती. तिथे आठ माणसे माना मोडून दुसऱ्यांच्या कार्टूनमध्ये रंग भरत बसायची. अस्वल दुसऱ्याचे, गोष्ट दुसऱ्याची, रंगही दुसऱ्याने ठरवलेला. मग मुलांच्या चॅनेलांचे पेव फुटले. एकाने सकाळी सातला कार्टून सुरू केले की दुसरा साडेसहाला करी. सगळ्यांना आपल्या भाषेत बोलणारे नवे कार्टून हवे होते आणि तेही कालच हवे होते. स्टुडिओच्या मालकांनी छातीठोकपणे सांगितले, "आमचं स्वतःचं अस्वल तयार आहे." तसे अस्वल अजून कोणाच्या डोक्यातही नव्हते.

एका सेकंदाला बारा चित्रे, मिनिटाला सातशे वीस, आणि एक भाग अकरा मिनिटांचा. माणसे काढून काढून काढणार किती? तेव्हा बोटकापे कोपऱ्यातून हळूच म्हणाले होते, "साहेब, अस्वलाला पाच बोटं कशाला? चारांत भागेल. दर चित्राला दोन बोटं वाचतील."

मालकांनी तोंडात बोटे घातली. हिशेब केला, तर एका भागामागे जवळजवळ सोळा हजार बोटे वाचत होती! बोटकापे त्याच दिवशी मुख्य चित्रकार झाले, आणि स्टुडिओतल्या मंडळींनी त्यांचे जुने आडनाव कायमचे पुसून टाकले. आता स्टुडिओने दवाखान्याच्या वरचे दोन आणि खालचा एक असे तीन मजले व्यापले होते. मधल्या मजल्यावर दंतवैद्य चिवटपणे टिकून होता आणि त्याच्या यंत्राचा आवाज गब्दूच्या गाण्यांत अधूनमधून ऐकू येत असे. एकशे चार भाग झाले होते. एकंदरीत बोटकाप्यांची पाचही बोटे तुपात होती आणि गब्दूची चार.

एकच गोष्ट त्यांना सतावायची. ते घाबरले की त्यांना लघवीला लागे. मालकांचे बोलावणे आले की ते आधी बाथरूम गाठत आणि मग मालकांची खोली. मालकांना वाटे, हा फार कामात असतो.

तर, सोमवारी लेक शाळेत गेली ती करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून. दोन्ही हातांची. बोटकाप्यांनी समजावून पाहिले. "अगं, गब्दू मीच काढतो. बोट काढायचा मला कंटाळा आला होता, म्हणून तसं केलं."

लेकीने त्यांच्याकडे दयेने पाहिले. "बाबा, गब्दू टीव्हीत असतो. तू ऑफिसात असतोस."

"हे बघ, काढून दाखवतो." त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला झरझर गब्दू काढला.

"छान आहे," लेक म्हणाली. "पण हा नाचत नाहीये."

सासूबाई भाजी निवडत हे ऐकत होत्या. "जावईबापू, जगाची बोटं कापायला निघालात आणि सुरुवात घरापासून झाली बघा," त्या म्हणाल्या.

मंगळवारी वर्गात चार जणांच्या करंगळ्या बांधलेल्या होत्या. गुरुवारी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस! कोपऱ्यावरच्या दुकानातली चिकटपट्टी संपली. इथपर्यंत गंमत होती. पण त्या बालवर्गात शाळेच्या बाईंचा एक जुना आणि कडक नियम होता. बाहेर जायचे असेल तर ओरडायचे नाही, उठायचे नाही, मुकाट्याने करंगळी वर करायची. आता करंगळी कोणाकडे उरली होती? मुले प्रामाणिक होती. करंगळीच नाही म्हटल्यावर कुणी काही विचारले नाही. शुक्रवारपर्यंत वर्गाची फरशी अकरा वेळा पुसावी लागली.

मोजणीचीही तीच गत.

"सहा, सात, आठ... पुढे?" बाईंनी विचारले.

"संपलं," वर्ग म्हणाला.

"अरे, नऊ! नऊ नाही का?"

"नवाला बोट नाहीये, बाई."

बाईंनी चॅनेलला पत्र लिहिले. त्यात फरशी होती, नऊ आणि दहा होते, आणि खाली चोवीस पालकांच्या सह्या होत्या. पण बाई न्यायी होत्या. पत्र टपालात टाकण्याआधी त्यांनी त्याची एक प्रत स्टुडिओला पाठवली आणि वर लिहिले, 'पंधरा दिवस वाट पाहीन.'

मालकांनी बोटकाप्यांना बोलावले. बोटकापे वाटेत थांबून मग आले.

"अहो बोटकापे, याच महिन्यात चॅनेल पुढच्या बावन्न भागांचं ठरवणार आहे," मालक म्हणाले. "हे पत्र तिथे पोचलं तर गब्दू बंद. गब्दू बंद तर तुम्ही बंद. कळलं?"

"साहेब, चार बोटं तुम्हालाही आवडली होती..."

"माझ्याकडे बोट दाखवू नका! कापलेलं बोट जोडा."

"एकशे चार भागांत? सोळा लाखांच्या वर बोटं होतील, साहेब. मी सेवानिवृत्त होईन, तरी गब्दूचा डावा हात शिल्लक असेल."

मालकांनी डोळे मिटून विचार केला. मालकांनी डोळे मिटले की खालच्या माणसांची झोप उडे. "सगळं नको," ते म्हणाले. "दोन मिनिटांचा एकच तुकडा करा. गब्दूला पाचवं बोट उगवतं. गाणं घाला. रोज दहादा दाखवू. पोरं बघतील, पट्ट्या काढतील, खेळ खलास."

नऊ दिवस सगळा स्टुडिओ त्या तुकड्याला जुंपला. बोटकाप्यांनी गोष्ट दिली आणि पाचवे बोट स्वतः न काढता एका नव्या मुलीकडे सोपवले, कारण तिचा हात अजून चार बोटांवर बसायचा होता. गोष्ट सोपी होती. गब्दू कुंडीतल्या मातीत हात खुपसतो, वर झारीने पाणी घालतो, गाणे म्हणतो, नाचतो, आणि हात बाहेर काढतो तर काय, नवे कोरे पाचवे बोट! ते पाहून मालकांना स्वर्ग दोन बोटे उरला.

तुकडा टीव्हीवर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बोटकापे घरी आले तेव्हा लेक गॅलरीत सासूबाईंच्या गुलाबाच्या कुंडीत कोपरापर्यंत हात खुपसून बसली होती. गुलाब शेजारी फरशीवर आडवा होता.

"काय चाललंय हे?"

"उगवतंय," लेक कुजबुजली. "बोलू नकोस."

"अगं, पट्टी सोड. तुझं बोट आहेच आत!"

"ते जुनं आहे, बाबा. गब्दूला नवीन आलं."

सासूबाई दारातून जावयाच्या नावाने बोटे मोडत होत्या. कडकड आवाज येत होता. बायको म्हणाली, "अहो, तिची आंघोळ तुम्ही घाला. नखांतली माती तुमच्या डोक्यातून निघालीये."

शाळेत तर मळाच फुलला होता. मैदानाच्या कडेला अठ्ठावीस मुले ओळीने बसली होती, सगळ्यांचे हात जमिनीत, आणि एक जण झारी घेऊन फिरत होता. घंटा झाली तरी कुणी उठेना. एका मुलाने तर बाईंना सांगितले, "माझ्या आजोबांना दात नाहीयेत, उद्या मी त्यांना घेऊन येऊ का?"

चौदाव्या दिवशी बाईंचा स्टुडिओत फोन आला. पाकीट चिकटवून झाले होते. मालकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "ज्यानं कापलं, त्यानंच जोडायचं. उद्या स्वतः वर्गात जा. गब्दू तुम्ही काढता हे पोरांना दाखवा आणि त्यांच्यादेखत पाच बोटं काढा. खडूनं काढा, पण काढा. नाहीतर परवापासून घरीच बसा."

"मुलाखत असल्यासारखं वाटतंय गं," रात्रभर कूस बदलून झाल्यावर बोटकापे बायकोला म्हणाले. गब्दूचा हात सोडला तर त्यांना जगात दुसरे काही येत नव्हते, आणि या वयात रंग भरायला पुन्हा कोण घेणार?

वर्ग गच्च भरला होता. अठ्ठावीस मुले मातीचे, बांधलेले हात मांडीवर ठेवून बसली होती. सकाळपासून कुणी बाहेर गेले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होते. टेबलावर ते पाकीट होते, पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले. बाईंनी खडू दिला.

"मुलांनो, हे काका गब्दू काढतात."

"ते माझे बाबा आहेत," लेक म्हणाली. "ते ऑफिसात असतात."

बोटकाप्यांनी फळ्यावर कान काढले, पोट काढले आणि मुले माना उंचावून बघू लागली. गुडघ्याला गुडघा लावलेले पाय आले तेव्हा पहिल्या बाकावरचा मुलगा उठून उभा राहिला. खरोखर गब्दू होता! लेकीचे तोंड उघडेच राहिले. शेवटी बोटकाप्यांनी हात काढला, बोटे काढली आणि विजयाने वळून विचारले, "आता सांगा, गब्दूला किती बोटं?"

"एक, दोन, तीन, चार!" वर्ग ओरडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बोटकाप्यांनी वळून पाहिले. चारच होती. त्यांनी घाईघाईने हात पुसला, पुन्हा काढला. चार. तिसऱ्यांदा जीभ दातांत धरून सावकाश काढला. अंगठा आला, तीन बोटे आली, आणि खडू आपसूक मनगटाकडे वळला. सहा वर्षांत हाताला तीच वाट पाठ झाली होती. पाचव्या बोटाची जागा कुठे असते, तेच त्यांना आठवेना.

बाईंनी टेबलावरचे पाकीट उचलून पर्समध्ये ठेवले.

"बाबा, तुझ्या हाताकडे बघून काढ ना," लेक मागून म्हणाली.

त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिले. समोर फळा, हातात खडू, उत्तर येत नाही आणि बाई बघतायत. बोटकाप्यांची तीस-पस्तीस वर्षे एकाएकी गळून पडली. नेमके नको तेव्हा व्हायचे तेच त्यांना जोरात होऊ लागले. काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी तो डावा हात डोक्यावर नेला आणि करंगळी वर केली.

"जा," बाई सवयीने म्हणाल्या. "आणि लवकर ये."

मग पहिल्या बाकावरचा मुलगा किंचाळला, "गब्दू काढणाऱ्या काकांना करंगळी आहे!"

टर्र! पहिली पट्टी लेकीने फाडली. मग टर्रटर्र असा आवाज सगळ्या वर्गातून उठला, आणि बघता बघता अठ्ठावीस सुरकुतलेल्या, पांढुरक्या करंगळ्या एकदम वर झाल्या. दोन-तीन आठवड्यांची थकबाकी होती ती. कुणी परवानगीची वाट पाहिली नाही. बोटकापे दारातून बाहेर पडतात तोच मुलांचा लोंढा त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेला.

"रांग! रांग करा!" बाई धावत आल्या. "लहान आधी, मोठे शेवटी! नंबर म्हणा!"

"एक! दोन!" रांग मोठ्याने नंबर म्हणू लागली. "सात! आठ!"

बाईंनी श्वास रोखला.

"नऊ!" एक मुलगी करंगळी नाचवत म्हणाली. "दहा!" तिच्यामागचा ओरडला.

बाईंनी पर्समधून पाकीट काढले, उभे फाडले, आडवे फाडले आणि डोळे पुसले. "अहो, तुम्ही जन्मजात शिक्षक आहात," त्या रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बोटकाप्यांना म्हणाल्या. नोकरी वाचली होती, गब्दू वाचला होता, पण त्यांच्या पुढे अजून सव्वीस मुले होती.

तिसरा नंबर लेकीचा होता. ती हलकी होऊन बाहेर आली, बाबांसमोर उभी राहिली आणि त्यांना खालून वर न्याहाळू लागली. बोटकापे गुडघ्याला गुडघा चिकटवून या पायावरून त्या पायावर होत होते.

"बाबा, गब्दूला करंगळी नव्हती ना?"

"नव्हती, बाळा."

"म्हणून तो सारखा नाचायचा?"

एकशे चार भाग, तीन मजले आणि सहा वर्षे झाली, पण स्टुडिओतल्या एकाच्याही हे लक्षात आले नव्हते.

"हो," बोटकापे म्हणाले आणि त्यांनी पाय बदलला.