चौबळांचा देव्हारा

शरद चौबळांच्या मते जगात थोर माणसं फार थोडी झाली, आणि त्यातली बरीचशी बेसबॉल खेळत होती. बाकी सगळं नुसतंच चांगलं. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बायकोने जीव ओतून पुरणपोळ्या केल्या होत्या. चौबळांनी घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "चांगली आहे. पण थोर नाही." पुढची पोळी बायकोने त्यांच्या ताटात जरा आपटूनच वाढली.

मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. संपवून वेस्ट विंडसरला नोकरीवर आलो तेव्हा माझ्याकडे ना गाडी होती, ना लायसन्स. चौबळ माझ्याच प्रयोगशाळेत होते, वयाने वडिलांएवढे. "माझ्याबरोबर येत जा," म्हणाले. "अट एकच. बेसबॉल कळत नाही ही सबब चालणार नाही. मलाही इथे आल्यावरच कळलं."

मग रोज जाता-येता त्या गाडीत निवड समिती भरायची. अध्यक्ष चौबळ, सभासद मी. अमेरिकेत आजवरच्या थोर खेळाडूंसाठी एक दालन आहे. एकेकाचं खेळणं संपलं की त्याला तिथे घ्यायचं की नाही, यावर लोक न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा हमरीतुमरीवर येतात. चौबळांना ते दालन फारच सैल वाटे. "धर्मशाळा करून टाकलीय," ते म्हणत. "अरे, देव्हारा आहे तो. देव्हाऱ्यात गर्दी करतात का?"

खेळाडूंची खरी नावं मला कधी पाठ झाली नाहीत, कारण चौबळ ती घेतच नसत. त्यांनी सगळ्यांची मराठीत बारशी केली होती. पेंगुळल्यासारखा उभा राहून एकदम चेंडूवर झडप घालणारा तो 'बोका'. लांब फटका न मारता गुपचूप पळत एकेक टप्पा, म्हणजे बेस, गाठणारा तो 'मुंगळा'. आणि दर चेंडूआधी टोपी, खांदा, कंबर, गुडघा अशी ठरलेल्या क्रमाने बोटं लावणारा, जणू संध्येला बसलाय, तो 'भटजी'.

भटजीवर चौबळांचा विशेष राग होता. काही वर्षं तो असा खेळला की चेंडू टाकणारे पिचर त्याला मारण्याजोगा चेंडूच देत नसत, त्यापेक्षा फुकटात पहिल्या बेसवर जा म्हणत. मग गुडघा गेला आणि ऐन उमेदीत भटजीचा खेळ संपला.

"टिकला नाही," चौबळ म्हणत. "चमकायला काय, काजवाही चमकतो. थोर तो, जो टिकतो."

दर बुधवारी संध्याकाळी रेडिओवर एक कार्यक्रम लागायचा. लोक फोन करून याच विषयावर भांडायचे आणि खोकणारा एक म्हातारा निवेदक ती भांडणं लावून द्यायचा. कार्यक्रम आमच्या परतीच्या वेळेत असे. चौबळ पेट्रोल पंपाशेजारच्या फोन बूथपाशी गाडी थांबवत, मला रेडिओसमोर बसवून बूथमध्ये शिरत आणि 'वेस्ट विंडसरचा चार्ली' होत. रेडिओवर आवाज काही क्षण उशिरा येई. त्यामुळे काचेपलीकडे चौबळांचे हातवारे आधी होत आणि त्यांचा संताप मागाहून माझ्यापर्यंत पोचे. बोलणं संपलं की ते फोन ठेवून धावत गाडीत येत, स्वतःचंच शेवटचं वाक्य ऐकायला.

त्यानंतर बहुतेक वेळा बाल्टिमोरहून विन्स नावाच्या कोणाचा तरी फोन यायचा. चार्लीचं म्हणणं खोडायचं आणि भटजीची बाजू लावून धरायची, हाच त्याचा उद्योग. उच्चार अस्सल अमेरिकन, जीभ तिखट. एकदा तो म्हणाला, "टिकण्यालाच थोरपण म्हणायचं असेल तर स्टेडियममधल्या दिव्याच्या खांबाला आत घ्या. तो सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं उभा आहे."

मी खो खो हसलो. चौबळ हसले नाहीत. "खांब," एवढंच म्हणाले. पुढे रेल्वेच्या पुलाखाली रेडिओ खरखरायचा, म्हणून विन्सचं बोलणं संपेपर्यंत ते गाडी सुरूच करत नसत.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. चौबळ बर्फ आणायला बाहेर गेले होते. मी काकूंना तो खांबाचा विनोद सांगितला. काकू कोशिंबिरीला फोडणी देत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"मी ऐकला," त्या म्हणाल्या. "विनय आहे तो. आमचा मुलगा."

यांना मूलबाळ नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. विनय डॉक्टर व्हायला गेला होता. हुशार होता, पहिली दोन वर्षं नाव काढलं. मग एक दिवस सगळं सोडून बाल्टिमोरला लाकडी बोटी बांधणाऱ्या एका कारखान्यात लागला. चौबळ त्याला म्हणाले, ज्याला कुठे टिकता येत नाही त्याने या घरातही टिकू नये. तो उठला आणि गेला. आईला फोन करायचा तो सकाळी, वडील कामावर गेल्यावर.

"काकांना माहीत आहे, विन्स कोण ते?"

"अरे, बापाला आवाज कळणार नाही होय?" काकू म्हणाल्या. "दोघांनाही माहीत आहे. लहानपणी भटजी विनयचा लाडका होता. ते नावसुद्धा यांनी त्याच्यासाठीच ठेवलेलं."

पुढचे बुधवार मला जड गेले. एकदा विन्सचा आवाज घोगरा येत होता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्या टेबलापाशी येऊन चौबळ उगाचच कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "काल त्याचा घसा बसला होता, नाही?" मी हो म्हणालो. "समुद्राचा वारा," ते म्हणाले आणि गेले.

हिवाळ्याच्या तोंडाशी निवेदकाने जाहीर केलं की कार्यक्रम बंद होतोय. त्या वेळात आता गाणी लागतील. शेवटच्या बुधवारी चौबळ बूथमध्ये गेले ते लवकर बोलेनातच. लाइन मिळत नव्हती. कानटोपी घालून ते थंडीत पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होते. अखेर काचेपलीकडे त्यांचे ओठ हलले. त्या दिवशी हातवारे नव्हते. मग रेडिओवर आवाज आला, त्यांच्या त्या पुणेरी इंग्रजीत.

"मी इतकी वर्षं म्हणत आलो की तो टिकला नाही. पण दुखत होता तो त्याचा गुडघा होता, माझा नव्हता. बाल्टिमोरच्या गृहस्थांचं बरोबर आहे. त्याला आत घ्या."

"चार्ली," निवेदक म्हणाला, "तू आजवर कोणालाच आत घेतलं नाहीस."

"याला घेतो," चौबळ म्हणाले. "ते गृहस्थ ऐकताहेत का?"

"ऐकत असावेत," असं म्हणून निवेदकाने पुढचा फोन घेतला.

चौबळ गाडीत आले. ट्रेंटनची एक बाई बोलली, नूअर्कचा एक बसड्रायव्हर बोलला. विन्स आलाच नाही. निवेदकाने खोकत खोकत सगळ्यांचे आभार मानले आणि गाणं सुरू झालं. काचा वाफेने पांढऱ्या होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरात गेलो. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं.

"फोन?" चौबळांनी विचारलं.

काकूंनी नकारार्थी मान हलवली. चौबळांनी रिसीव्हर उचलला, टोन येतोय ना ते ऐकलं आणि हळूच परत ठेवला. मग कोट न काढता शेजारच्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनयने आईला फोन केला. त्याने सगळं ऐकलं होतं. तोही लाइन लावत होता, पण लागली नाही. काकूंनी हे माझ्या बायकोला सांगितलं. "तो म्हणाला, 'आई, ही टोल्ड द रेडिओ. ही डिडन्ट टेल मी.'" हे त्यांनी चौबळांना मात्र सांगितलं नाही.

आमची गाडी रोज जात-येत राहिली, पण निवड समिती भरेना. एकदा न राहवून मी म्हणालो, "काका, तुम्हीच फोन करा ना त्याला. नंबर काकूंकडे आहे."

पेट्रोल पंप गेला, रेल्वेचा पूल गेला.

"करीन रे," शेवटी ते म्हणाले. "पण त्याने उचलल्यावर काय बोलू? आमच्यात एकच विषय होता. तोही मी संपवून बसलो."

आणि त्यांनी वळणावर इंडिकेटर लावला.