बोकडाचा वाघ आणि सतरा वन्स मोअर

एका जंगलात, बाळांनो, वाघच नव्हता. पूर्वी एक होता, पण त्याची म्हणे दुसऱ्या जंगलात बदली झाली. म्हणून तिथल्या नाटक कंपनीत वाघाचं काम बोकडाकडे आलं. हसू नका. खरा वाघ असता तरी त्याला कुणी घेतलं नसतं, कारण त्याला गाता येत नाही.

बोकडाचं नाव धुंडिराज. मोठा गुणी नट, पण एक खोड होती. भूमिका अंगात शिरली की बाहेर निघायची नाही. राजा झाला तेव्हा महिनाभर घरात चांदीच्या ताटातच गवत मागत होता. साधू झाला तेव्हा बायकोचं अंथरूण शेजारच्या सशाला दान करून टाकलं. बायको म्हणजे रेवाबाई शेळी, त्याच कंपनीची नायिका. ती बिचारी म्हणायची, "एकदा यांना घरगड्याचं काम मिळू दे, म्हणजे केर तरी निघेल."

मिळालं ते वाघाचं. नाटकाच्या शेवटी वाघ हरिणीचा गळा धरतो आणि पडदा पडतो. हरिणी अर्थातच रेवाबाई.

आठवडाभरात धुंडिराजानं पाला सोडला. घरात दबकत चालू लागला. सुतारपक्ष्याकडून बाभळीच्या काट्यांचे दात करून घेतले. मग जेवताना रेवाबाईच्या गळ्याकडे टक लावून बघू लागला.

रेवाबाई धावत कंपनीच्या मालकाकडे गेली. मालक कोल्हा.

"मालक, हे मला खाणार बघा!"

"बाई, याला भूमिकेशी समरस होणं म्हणतात."

"अहो, पण खाणार!"

"शेवटच्या अंकातच ना? मग आधीचे चार अंक बिनघोर करा."

प्रयोगाला अख्खं जंगल लोटलं. शेवटचा प्रवेश आला. धुंडिराजानं पद म्हटलं, तान घेतली, झेप घेतली आणि रेवाबाईचा गळा धरला. काटे खरोखरच रुतले.

"अहो, सोडा! मी तुमची बायको!" रेवाबाई किंचाळली. "वाचवा हो, कुणीतरी वाचवा!"

हे वाक्य नाटकात नव्हतं. प्रेक्षक वेडेच झाले. हत्तीनं सोंड उंचावून आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

आता संगीत नाटकाचा एक नियम असतो. वन्स मोअर आला की पद पहिल्यापासून म्हणायचं. मग तोंडात बायको का असेना. धुंडिराज वाघ झाला होता खरा, पण हाडाचा नट होता. त्यानं गळा सोडला, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि पद पुन्हा सुरू केलं.

पळावं तर विंगेत मालक उभा, "चालू द्या, चालू द्या" करत. रेवाबाईनं ओळखलं, वन्स मोअर आहे तोवर आपण आहोत. दुसऱ्यांदा ती सुरात किंचाळली. तिसऱ्यांदा गिरकी घेऊन. पाचव्यांदा आईला हाक मारून. नवव्यांदा किंकाळीत तिनं अशी तान घेतली की माकडं फांद्यांवरून टपाटप खाली पडली. पडल्या पडल्या ओरडली, "वन्स मोअर!" खरं सांगतो, त्या शेळीच्या आठवणीनं माझा जीव अजून कासावीस होतो.

सतराव्या वन्स मोअरला धुंडिराजाचा आवाज बसला. डरकाळी फोडायला गेला, तर तोंडातून निघालं, "बें!" स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. आठवडाभराची भूक एकदम जागी झाली. रंगमंचावर सजावटीचं जंगल होतं, खऱ्या पाल्याचं. त्यानं दात थुंकले आणि जंगल खायला सुरुवात केली.

रेवाबाई मटकन खाली बसली. रडली, मग हसली, मग तीही पाला खाऊ लागली. पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी बगळ्याचं परीक्षण आलं. तो एका पायावर उभा राहून लिहितो, म्हणून त्याला फार मान आहे. त्यानं लिहिलं, "धुंडिराज यांचा वाघ अस्सल. वाघानं अखेर जंगलच खाणं, हे तर आजच्या काळावरचं प्रखर भाष्य. मात्र रेवाबाईंची भीती पटली नाही. खरोखर जीव जात असताना कुणी इतकं सुरात ओरडेल का?"

तात्पर्य, पाठ करून ठेवा: जिवावर बेतलं तर ओरडू नका, गा. बेसूर ओरडलात तर लोक पडदा पाडायला सांगतील.